सायकलींच्या राखणीचा वर्ग

"कशानं आली वं?"

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी गुणपत्रिका पुढे करून उभी होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या माझ्या पायांकडे पाहत होत्या. जून लागला तरी नागपूरचं ऊन हटायला तयार नव्हतं, आणि विद्यापीठाच्या फाटकापासून वनस्पतिशास्त्र विभागापर्यंतच्या डांबरी रस्त्यानं माझ्या चपला तापून मऊ पडल्या होत्या.

"बसनं," मी म्हटलं. "फाटकापर्यंत. पुढे पायी."

"सायकल येते?"

"नाही."

"काहून?"

खाप्याला, माझ्या गावी, आमच्या घरी सायकल होती. बाबा तिच्यावरून शेतात जात. माझा भाऊ चालवी, चुलतभाऊ चालवत, गड्याचा पोरगाही अधूनमधून चालवी. मी का चालवत नाही, हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. मॅडम उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी माठातलं पाणी दिलं, अर्जावर सही केली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून येजो. झाडं मी शिकवीन. सायकल बी शिकून घेजो."

मला वाटलं, गंमत करताहेत. निघताना दाराकडे वळले, तर दारामागे कपाटाच्या पायाला साखळीनं बांधलेली एक काळी लेडीज सायकल उभी होती. खोलीतच. तिच्या हँडलवर ओला टॉवेल वाळत होता.

मॅडम तेव्हा पन्नाशीला आल्या असतील. ठेंगण्या, सावळ्या, गडद रंगाची हातमागाची साडी, पदर कमरेला खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. उन्हाळ्यात डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून, ऊन बाधू नये म्हणून कमरेच्या बटव्यात कांदा ठेवून त्या धरमपेठेतून सायकलनं येत. वर्गात इंग्रजी असं बोलत की वाटावं, आयुष्यात दुसरी भाषा ऐकली नसेल. तास संपला की दाराबाहेर पाऊल टाकताच वऱ्हाडी सुरू. शिपायाशी वऱ्हाडी, विभागप्रमुखांशी वऱ्हाडी, दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांशीसुद्धा सुरुवात वऱ्हाडीतच. मग पाहुण्यांचा चेहरा पाहून त्या हिंदीवर येत.

फळ्यावरची आकृती दाखवायला त्यांच्या हातात छडी नसे, सायकलचा पंप असे. कोणाशी उभ्यानं बोलताना त्यांचा अंगठा आपोआप समोरच्याच्या सायकलचं टायर दाबून बघे. हवा कमी असली की बोलणं तिथंच थांबायचं. मोठमोठे प्राध्यापक परिसंवादातून बाहेर पडून पंप मारताना मी पाहिलेत. त्यांच्या मागे लोक हसत. एक सहकारी त्यांना 'चाकवत' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चिनोपोडियम आल्बम. चांगली भाजी आहे," आणि विषय संपवला.

फार गोड स्वभाव होता असं मात्र म्हणवत नाही. हट्टी होत्या. प्रयोगवहीत पानाची शीर चुकीची काढली तर पान फाडून हातात देत. अंगात ताप असताना विभागप्रमुखांनी गाडीतून घरी सोडतो म्हटलं, तर रुसल्यासारख्या सायकल हातात धरून चालत निघाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची आमची छाती नव्हती. एकदाच त्या आपणहून बोलल्या होत्या. मॅट्रिक झाल्यावर कॉलेज लांब म्हणून त्यांना घरी बसवलं होतं. मग त्यांच्या काकांनी आपली सायकल दिली. "काका काई बोलले नाई," त्या म्हणाल्या. "सायकल अंगणात उभी केली अन् शेतात निंगून गेले. मंग मी बी निंगून गेली." एवढंच.

त्या काळात विद्यापीठाच्या आवारात सायकली वाटेल तिथं उभ्या असत. कोणी आंब्याखाली, कोणी पायऱ्यांजवळ, कोणी ग्रंथालयाच्या भिंतीला टेकवून. विभाग एकमेकांपासून लांब लांब, मधे नुसतं माळरान आणि बाभळी. सायकल लावून वर्गात गेलं की ती दिसेनाशी होई, आणि कधीकधी कायमची. मुलींच्या सायकलींना आणखी एक दुखणं होतं. हवा सोडलेली असायची, नाहीतर व्हॉल्व्हच गायब. पोरं लांब उभी राहून मजा पाहत. त्यामुळे मुली सायकल आणायच्याच बंद झाल्या होत्या. आणत होती ती एकटी प्रमिला.

प्रमिला माझ्या वर्गातली. इंदोऱ्याला, जरीपटक्याच्या अलीकडे राहायची. तिचे वडील गिरणीत होते, रात्रपाळीला. सकाळी ते घरी येत, सायकल तिच्या हातात देत आणि झोपत. संध्याकाळी ती घरी पोचली की तीच सायकल घेऊन ते कामाला निघत. एका सायकलवर त्या घरातली दोन माणसं चालत होती. त्यांच्या घराण्यात इतकं शिकणारी ती पहिलीच. प्रमिला कमी बोलायची, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिचा काप कागदासारखा पातळ यायचा. मॅडम तो साऱ्या वर्गाला दाखवायच्या आणि आमचे सगळ्यांचे जाडजूड काप खिडकीबाहेर टाकून द्यायच्या.

हिवाळ्यात एका दुपारी प्रात्यक्षिक आटोपून आम्ही बाहेर आलो, तर प्रमिलाची सायकल नव्हती. आम्ही सगळ्या इमारतींभोवती फिरलो. माळी, शिपाई, चहावाला, सगळ्यांना विचारलं. प्रमिला रडली नाही. ती कडुनिंबाखाली, जिथं सायकल लावली होती तिथं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज बाबांना उशीर होईल." मग थोड्या वेळानं, "मी आता नाही येऊ शकणार."

मॅडम व्हरांड्यात आल्या. काय झालं ते ऐकून घेतलं आणि आत गेल्या. साखळीचा आवाज झाला. स्वतःची सायकल घेऊन त्या बाहेर आल्या.

"घे."

"मॅडम, तुमची…"

"उशीर होऊन राहिला ना तुह्या वडिलाले? बोलत काहून बसली? जाय."

दुसऱ्या दिवशीपासून मॅडम पायी यायला लागल्या. धरमपेठ तशी फार लांब नाही, पण ज्या बाईला आम्ही सायकलशिवाय कधी पाहिलं नव्हतं, ती फाटकातून चालत येताना विचित्रच दिसायची. सवयीनं पंप मात्र हातात असायचा.

त्याच आठवड्यात त्या कुलसचिवांकडे गेल्या. माझा एक अर्ज अडकला होता म्हणून मलाही बरोबर नेलं. कुलसचिव सभ्य गृहस्थ होते, पण नियमापासून तसूभरही हलायचे नाहीत. सायकलींसाठी बंद जागा, वर छप्पर आणि राखण करायला एक माणूस, एवढं मॅडमनी मागितलं. मुख्य कार्यालयामागे अधिकाऱ्यांच्या गाड्यांसाठी पोर्चचं काम चालूच होतं. खांब उभे झाले होते, पत्रे यायचे होते. तिकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "तसंच एक आमाले बी."

"मॅडम, त्याची तरतूद आहे. सायकल स्टँडची नाही," कुलसचिव म्हणाले. "आणि सायकल सांभाळणं ही ज्याची त्याची जबाबदारी. हे विद्यापीठ आहे, आठवडी बाजार नाही."

"देवळात चपला सांभाळायले माणूस असते, साहेब," मॅडम म्हणाल्या. "सिनेमाले असते. फक्त शिकाले येणाऱ्यानं आपलं आपण पाहून घ्याचं?"

कुलसचिव म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

मॅडम उठल्या. मला वाटलं, हरल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, तर बाकं रिकामी आणि भिंतीवरचा फळा काढलेला. गुलाबराव, म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई, दारात उभे होते. "कडुनिंबाखाली बोलावलं बाईनं," ते म्हणाले. "फळा बी तिकडेच नेला गा."

कडुनिंबाला टेकवलेला फळा, त्याच्या बाजूला सायकलींची रांग, आणि समोर सतरंजीवर आम्ही. मॅडमनी एवढंच सांगितलं, "जोपर्यंत सायकलीले राखण नाई, तोपर्यंत आपण राखण करू. वर्ग इथंच." आणि पंप उचलून त्या शिकवायला लागल्या.

पहिले दोन-चार दिवस लोक पाहून हसले. पण कडुनिंबाखाली दिवसभर कोणी ना कोणी बसलेलं असतं, आपली सायकल तिथं सुरक्षित राहते, हे बाकीच्या विभागांतल्या मुलांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. रसायनशास्त्रवाले आले. मग गणितवाले. मॅडमचा तास नसला की दुसरे कोणी शिक्षक हसत हसत तिथंच तास घेऊ लागले. काही दिवसांत त्या झाडाभोवती सायकलींचं असं कडं झालं की फळ्यापर्यंत पोचायला वाट शोधावी लागे. रांग रस्त्यावर आली. मॅडमनी कोणालाही नाही म्हटलं नाही.

आणि एका सकाळी कुलगुरूंची गाडी अडली.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मॅडम कडुनिंबाचीच डहाळी हातात धरून संयुक्त पान समजावत होत्या. त्या थांबल्या नाहीत. पुन्हा हॉर्न. आम्ही सगळे मान खाली घालून लिहीत होतो. काय लिहीत होतो देव जाणे. शेवटी कुलगुरू स्वतः उतरले. मूळचे संस्कृतचे. धोतर, बंद गळ्याचा कोट. सायकलींच्या मधून धोतराचा सोगा सांभाळत ते झाडाखाली येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"संयुक्त पान, सर," मॅडम म्हणाल्या.

कोणीतरी मागे फिसकन हसलं. कुलगुरू हसले नाहीत. "असं किती दिवस चालणार?"

"पाऊस येईतो. मंग वर्ग बी आत नेऊ, अन् सायकली बी. माह्या खोलीत एक मावते. तुमच्या खोलीत किती मावतीन, ते पाहा लागंन."

आता हसायचीही कोणाची हिंमत नव्हती. मॅडम वळल्या आणि म्हणाल्या, "प्रमिला, तू सांग सरले."

प्रमिला उठली. हातातली वही तिनं छातीशी धरली होती. ती म्हणाली, "सर, माझे वडील गिरणीत आहेत. रात्रपाळी करून ते सायकल आणून द्यायचे, मग मी यायची. ती इथून गेली. आता मी मॅडमच्या सायकलवर येते. दुसऱ्याची सायकल नको म्हणून माझे वडील पायी जातात." ती थांबली. "आणि मॅडम पायी येतात."

हे शेवटचं बाकीच्या विभागांतल्या पुष्कळांना ठाऊक नव्हतं. कुलगुरूंनी मॅडमच्या बुटांकडे पाहिलं. कॅनव्हास धुळीनं लाल झालं होतं. मॅडम कावऱ्याबावऱ्या झाल्या. त्यांना तसं मी पहिल्यांदाच पाहिलं. "तो विषय नाई वं," त्या पुटपुटल्या. "खाली बस."

कुलगुरू निघाले. गाडी पुढे जाऊ शकत नव्हतीच, म्हणून कार्यालयापर्यंत ते पायी गेले. आम्ही त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत होतो. वाटेत ते अर्धवट पोर्चपाशी थांबले, एका खांबाला हात लावून उभे राहिले आणि मग आत गेले.

शेवटी पोर्चवर पत्रे चढले ते सायकलींसाठी. पोर्चला तिन्ही बाजूंनी जाळी लागली, एका बाजूला फाटक. अधिकाऱ्यांच्या गाड्या कडुनिंबाखाली उभ्या राहू लागल्या. कुलसचिवांच्या पांढऱ्या गाडीवर उन्हाळाभर निंबोळ्या पडत. त्यांनी बरेच दिवस मॅडमशी बोलणं सोडलं. पुढे त्यांची धाकटी मुलगी शिकायला आली, तीही सायकलनंच, आणि तिची सायकल त्याच जाळीत लागायला लागल्यावर कुलसचिव एकदा मॅडमकडे चहाला आले. म्हणाले, "जागा थोडी वाढवू या." मॅडम म्हणाल्या, "मी हेच म्हणणार होती."

राखणीला माणूस ठेवायची वेळ आली, तेव्हा मॅडमनी पुन्हा हट्ट धरला. बाईच पाहिजे. तेव्हा असं कोणी ऐकलं नव्हतं. पण शेवटी शेवंताबाई आल्या, वारलेल्या एका माळ्याची बायको. फाटकाजवळ स्टूल टाकून त्या बसत. सायकल ठेवली की पत्र्याचा बिल्ला देत, बिल्ला दाखवल्याशिवाय सायकल सोडत नसत. एका पोरानं मुलीच्या सायकलची हवा सोडायला हात घातला, तर शेवंताबाईंनी त्याला तिथंच बसवून सगळ्या मुलींच्या चाकांत हवा भरायला लावली. त्यानंतर मुलींच्या सायकली वाढत गेल्या. एक आली, मग तिची मैत्रीण आली. दोन वर्षांत जाळीची एक बाजू मुलींचीच झाली.

प्रमिलाची सायकल काही सापडली नाही. तिचं एम.एस्सी. मॅडमच्या सायकलवर पूर्ण झालं, आणि पहिल्या वर्गात. पुढे सायकल परत करून ती चंद्रपूरकडे एका कॉलेजात लागली.

विभागाच्या सायकली ही मॅडमची पुढची गोष्ट. इमारतीमागे विभागाची एक जुनी जीप सडत पडली होती. तिच्यात कुत्री व्यायची. इकडे गुलाबराव टपाल घेऊन भर उन्हात कार्यालय ते विभाग अशा पायी चकरा मारत. मॅडमनी जीप भंगारात काढायला लावली आणि तिच्या जागी सायकली घ्यायला लावल्या. त्या पेंटरकडून पोपटी रंगवून घेतल्या आणि प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरांत झाडाचं शास्त्रीय नाव टाकलं. ब्युटिया म्हणजे पळस, मँजिफेरा म्हणजे आंबा, टेक्टोना म्हणजे साग.

"चोरून नेली तर इकंन कुठं?" मॅडम म्हणत. "अशी पोपटी सायकल अख्ख्या नागपुरात नाई."

गुलाबरावांनी पहिल्याच दिवशी ब्युटियाचं 'बुटी' केलं. "बाई, बुटी पंचर झाली, मांजिफेरा घेऊन जातो," असं ते सांगत, आणि नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांना वाटे, घरातल्या लेकीसुनांबद्दलच बोलताहेत.

याच बुटीवर मी सायकल शिकले. एम.एस्सी. होऊन मी तिथंच प्रात्यक्षिकं घ्यायला लागले होते. खाप्याला दिवाळीत हा विषय मी नुसता काढला, तर बाबा म्हणाले होते, "शिकाले पाठवलं तुले. सर्कस कराले नाई." मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सकाळी मला विभागामागच्या उतारावर नेलं.

"मॅडम, मागून धरा."

"नाई धरत. मी धरलं की तू मले पाहाशीन. रस्ता कोण पाहीन?"

मी सुटले. उतार संपेपर्यंत जमलं, नंतर नाल्याकाठच्या बेशरमीच्या झुडपांत आडवी झाले. कोपर सोललं. मॅडम सावकाश चालत आल्या, वर उभ्या राहिल्या.

"कशात पडली? नाव सांग."

"आयपोमिया," मी कण्हत म्हटलं.

"पुढचं?"

"कार्निया."

"डोकं शाबूत आहे. उठ."

पुढच्या वर्षी हिवाळ्यात कन्हान नदीच्या काठच्या वनस्पती गोळा करायचं काम विभागाकडे आलं, आणि मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं खाप्यावर. मी सुचवून पाहिलं, कोराडीच्या तळ्याकडे जाऊ, तिथं बसेस भरपूर आहेत. "ते दुसरे लोक करून राहिले," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "गावात सायकलनं जायले भेव वाटते काय वं?"

मी हो म्हणाले.

"वाटू दे. मले बी वाटत होतं."

सावनेरपर्यंत एस.टी.च्या टपावर सायकली टाकल्या. तिथून दोघी निघालो. मी बुटीवर, मॅडम त्यांच्या जुन्या काळ्या सायकलवर. दोन्ही बाजूंना तुरी फुलल्या होत्या, कापसाच्या बैलगाड्या समोरून येत होत्या. गाडीवान मागे वळून पाहत. गाव जवळ आलं तसा माझा वेग कमी होत गेला. वेशीपाशी मी उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. मॅडम पुढे गेल्या होत्या. त्या थांबल्या, वळून आल्या. रागावल्या नाहीत. माझ्या शेजारी त्याही उतरल्या आणि माझ्यासोबत चालत राहिल्या. विणकरांच्या आळीतल्या मागांचा खटखटाट ऐकू येईपर्यंत आम्ही तशाच चालत होतो. मग मला काय वाटलं कोण जाणे. मी पायडलवर पाय ठेवला आणि बसले. उरलेली वाट, सगळ्या ओळखीच्या दारांसमोरून, मी सायकलवर गेले.

बाबा ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले. मी उतरले. ते पायरी उतरून जवळ आले, आणि त्यांनी सायकलचा ब्रेक दाबून पाहिला.

"ढिला आहे," ते म्हणाले. "अशा ब्रेकावर एवढ्या दूरून आली?"

"हाव," मी म्हटलं.

त्यांनी घरातून पाना आणला आणि अंगणात उकिडवं बसून ते ब्रेक कसू लागले. मॅडम ओट्यावर टेकल्या. "रामराम भाऊ," एवढंच म्हणाल्या. बाबा खाली पाहतच "रामराम बाई" म्हणाले.

आई दारात उभी राहून हे सारं पाहत होती. बाबांचं आटोपलं, त्यांनी चाक गरकन फिरवून ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. तेव्हा आई पायरी उतरून आली. तिनं सीटवरून हात फिरवला.

"मी बसून पाहू काय?" तिनं विचारलं. कोणाला, ते कळलं नाही.

बाबांनी आधी गल्लीकडे पाहिलं. शेजारची दारं उघडी होती, लोक आपापल्या ओट्यांवर आलेच होते. मग ते मागे गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी कॅरिअर धरलं. आईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि बसली. तिचे पाय जेमतेम पोचत होते.

"अवो, सोडू नोका."

"नाई सोडत," बाबा म्हणाले. "समोर पाह्य."

ते दोघं फाटकातून गल्लीत निघाले. आई कधी इकडे कलत होती, कधी तिकडे. बाबा वाकून मागे धावत होते. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, पाय सैल केले, आणि आई वळून यायची वाट पाहत तिथंच ओट्यावर बसून राहिल्या.